शेवटच्या सेक्टरपर्यंत

घरातला संगणक दहा-पंधरा वर्षांचा झाला की त्याची जागा कधी ना कधी भरतेच. मुलांच्या वाढदिवसांचे फोटो, सीडीवरून उतरवून घेतलेलं लग्नाचं शूटिंग, आजोबांची स्कॅन केलेली कागदपत्रं, कुणी पेन ड्राइव्हवर आणून दिलेली नाटकं असं सगळं साठत जातं आणि एक दिवस ड्राइव्हची निळी पट्टी लाल होते. संगणक तसा बरा चाललेला असतो. टाकून द्यावा इतका काही तो बिघडलेला नसतो. मग घरात ठरतं, नवी हार्ड डिस्क बसवू या.

बसवणं सोपं आहे. चार स्क्रू, दोन केबली, अर्ध्या तासाचं काम. अवघड भाग डोळ्यांना दिसत नाही. या जुन्या यंत्राला नव्या डिस्कच्या शेवटच्या टोकापर्यंत मोजता येतं का, हा खरा प्रश्न आहे. मोजता येत नसेल तर संगणक दर वेळी तक्रार करतोच असं नाही. डिस्क दिसते, फायली चढतात, महिनाभर सगळं सुरळीत चालतं आणि मग अचानक जुन्या फायली उघडेनाशा होतात. म्हणून या प्रकरणात मी जोडणीपेक्षा मोजणीला जास्त जागा देणार आहे.

हार्ड डिस्कवरची जागा सारख्या मापाच्या लहान तुकड्यांत विभागलेली असते. तुकड्याला सेक्टर म्हणतात आणि रूढ मापाने एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट मावतात. संगणक डिस्ककडे फाइल नावाने मागत नाही, सेक्टरच्या क्रमांकाने मागतो. हा क्रमांक किती मोठा असू शकेल, ते तो लिहायला किती बिट राखून ठेवलेत त्यावर ठरतं. आणि ते राखणारी माणसं आपापल्या काळातल्या डिस्क बघूनच निर्णय घेत होती. आयबीएमने १९५६ साली आणलेल्या पहिल्या डिस्कयंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सगळ्यांत मिळून ५० लाख अक्षरं मावत. १९८३ मध्ये त्याच कंपनीच्या पीसी एक्सटी या संगणकात १० एमबीची डिस्क आली, तेव्हा ती एका माणसाला आयुष्यभर पुरेल असं वाटावं इतकी मोठी होती.

त्या काळी सेक्टरचा पत्ता तीन आकड्यांत सांगत: सिलिंडर, हेड आणि सेक्टर. संगणक सुरू करणाऱ्या बायोस या मूळ प्रोग्रामने या तिघांसाठी अनुक्रमे १०, ८ आणि ६ बिट राखले होते. डिस्कच्या बाजूने आलेल्या आयडीई जोडणीने त्याच तिघांसाठी १६, ४ आणि ८ बिट ठेवले. दोघांचीही स्वतंत्र मर्यादा भरपूर मोठी होती. पण दोघांना एकत्र काम करायचं, तर प्रत्येक आकड्यात ज्याचे बिट कमी त्याचंच चालणार. उरले १०, ४ आणि ६. सेक्टरची मोजणी ० ऐवजी १ पासून होत असल्यामुळे तिथे ६४ ऐवजी ६३च मिळतात. १,०२४ गुणिले १६ गुणिले ६३ गुणिले ५१२ करा, उत्तर येतं ५२ कोटी ८४ लाख ८२ हजार ३०४ बाइट. नव्वदच्या दशकात ज्यांनी ५२८ एमबीच्या भिंतीला डोकं आपटलं, ती भिंत ही. दोन समंजस निर्णयांची गाठ पडली आणि दोन्हींपेक्षा कितीतरी लहान मर्यादा जन्माला आली. जुन्या संगणकात नवा भाग घालणाऱ्या प्रत्येकाने हा गुणाकार एकदा स्वतः करून बघावा असं मला मनापासून वाटतं, कारण पुढची सगळी गोष्ट याच घाटाची आहे.

पुढे तीन आकड्यांचा पत्ता मागे पडला आणि सेक्टरना शून्यापासून सलग क्रमांक मिळाले. या क्रमांकासाठी डिस्कच्या जोडणीत २८ बिट होते. त्यांतून २६ कोटी ८४ लाखांहून थोडे अधिक सेक्टर मोजता येतात, म्हणजे १३७ जीबी. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला डिस्क या आकड्यापाशी पोचल्या आणि मग ४८ बिटांची पद्धत आली. तिची मर्यादा १४ कोटी ४० लाख जीबी इतकी आहे, त्यामुळे त्या बाजूने आता घोर नाही. पण मधल्या काळातले संगणक आणि त्यांवरच्या प्रणाली आजही लोकांच्या घरी आहेत. ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या मूळ विंडोज एक्सपीला ४८ बिटांची मोजणी येत नव्हती. ती सोय २००२ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकमध्ये आली.

२८ बिटांत मावणार नाही असा क्रमांक लिहायची वेळ आली की वरचे बिट गळून पडतात. जुन्या स्कूटरच्या मीटरमध्ये ९९,९९९ किलोमीटरनंतर पुन्हा शून्य येतं, तसं होतं. तुम्ही १३७ जीबीच्या पलीकडे एक फोटो ठेवायला सांगता आणि तो जाऊन पडतो डिस्कच्या अगदी सुरुवातीला. सुरुवातीला काय असतं? डिस्कचे भाग कुठून कुठपर्यंत आहेत हे सांगणारा तक्ता. एका फोटोने तो पुसला जातो आणि सगळी डिस्क रिकामी असल्यासारखी दिसू लागते. एक्सपीची जुनी सीडी कुणाच्या कपाटात असेल आणि २५० जीबीची भरलेली डिस्क तिच्यावरून पुन्हा चालू करायचा बेत असेल, तर कृपा करून थांबा. आधी सर्व्हिस पॅक असलेली सीडी मिळवा.

तिसरी भिंत आजच्या खरेदीच्या आड येते. डिस्कच्या भागांचा जो तक्ता मी म्हणालो, त्याची जुनी पद्धत एमबीआर या नावाने ओळखली जाते. तीही १९८३ सालचीच, पीसी एक्सटीसोबत आलेल्या डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीतली. त्या तक्त्यात चार ओळींची जागा आहे आणि प्रत्येक ओळीत सुरुवातीचा सेक्टर व लांबी यांसाठी ३२-३२ बिट आहेत. १० एमबीच्या डिस्कसाठी ३२ बिट ही केवढी उदार तरतूद! ती जवळजवळ तीस वर्षं पुरली. ३२ बिट गुणिले ५१२ बाइट म्हणजे २.२ टीबी. ३ टीबीची डिस्क एक्सपीच्या संगणकाला लावली की ती ७४६ जीबीची दिसते, त्यामागे हाच हिशेब आहे. २.२ टीबी मोजून झाले की आकडा पुन्हा शून्यावर येतो आणि वरचं शिल्लक तेवढं पडद्यावर उमटतं. दुकानदाराने फसवलं असं वाटून भांडायला जाण्याआधी ही वजाबाकी करावी.

यावरचा तोडगा म्हणजे जीपीटी हा नवा तक्ता. त्यात ६४ बिटांचे क्रमांक आहेत, तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते आणि तक्ता बिघडला आहे का ते ताडून बघायची सोय आहे. विंडोज व्हिस्टापासून पुढच्या सगळ्या विंडोज आणि लिनक्स जीपीटी वाचतात. ३२ बिटांची एक्सपी वाचत नाही. शिवाय जुन्या बायोसच्या संगणकावर विंडोज जीपीटी डिस्कवरून सुरू होत नाही, त्यासाठी बायोसच्या जागी आलेलं यूईएफआय लागतं. म्हणजे विंडोज ७ असलेल्या जुन्या यंत्रात ४ टीबीची डिस्क सामान ठेवायला चालेल, पण संगणक तिच्यावरून सुरू करता येणार नाही. लिनक्सला ही अडचण सोडवता येते. त्यासाठी डिस्कवर एक छोटासा वेगळा भाग राखावा लागतो.

आता एक प्रत्यक्ष संगणक घेऊ. २००८ ते २०१० च्या सुमारास मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा गावातल्या ओळखीच्या माणसाकडून असेंबल करून घेतलेले संगणक आठवा. त्यांत बऱ्याचदा इंटेलच्या जी३१ नाहीतर जी४१ चिपसेटचा मदरबोर्ड असायचा, ड्युअल कोर किंवा कोअर टू ड्युओ प्रोसेसर आणि १६० किंवा ३२० जीबीची डिस्क. या मदरबोर्डवर साटा या नव्या जोडणीचे सहसा चार पोर्ट असतात आणि जुन्या रुंद पट्ट्यासाठी आयडीईचा एक. चारांपैकी एकात मूळ डिस्क, एकात डीव्हीडी रायटर. दोन रिकामे. साटाच्या नव्या-जुन्या पिढ्या एकमेकींशी जुळवून घेतात, म्हणून आज दुकानात मिळणारी ६ गिगाबिटची डिस्क या ३ गिगाबिटच्या पोर्टवर निमूट चालते. (याहून जुन्या, दीड गिगाबिटच्या काही बोर्डांवर, विशेषतः व्हीआयएच्या व्हीटी८२३७ चिपवर, वेगाची बोलणी फिसकटत आणि डिस्क दिसतच नसे. त्यासाठी अनेक डिस्कवर वेग कमी करणारा जंपर असायचा.)

अशा संगणकासाठी काय घ्यावं? माझं मत स्पष्ट आहे. विंडोज किंवा लिनक्ससाठी २४० जीबीच्या आसपासचा साटा एसएसडी आणि फोटो-व्हिडिओसाठी १ किंवा २ टीबीची साधी हार्ड डिस्क. दोन्ही एमबीआरच्या मर्यादेत बसतात, म्हणून यूईएफआयचा प्रश्नच येत नाही. एसएसडी का, ते आकड्यांवरून कळेल. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवा तो सेक्टर डोक्याखाली यायला सरासरी त्याच्या निम्मा वेळ, वर डोकं योग्य वर्तुळावर न्यायचा वेळ वेगळा. एसएसडीत फिरणारं काही नाही, तिथे हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शात होतं. संगणक सुरू होताना हजारो छोट्या फायली वाचतो, तेव्हा हा फरक अनुभवायला मिळतो. जी३१ आणि जी४१ बोर्डांवरच्या आयसीएच७ चिपमध्ये एएचसीआय ही सोय नसते, म्हणून एसएसडी त्याच्या पूर्ण वेगाने धावणार नाही. तरीही जुन्या यंत्रात जीव आल्यासारखं वाटेल इतका तो पुरतो. नवे एनव्हीएमई एसएसडी मात्र या संगणकांसाठी घेऊ नयेत. जुन्या बायोसला त्यांच्यावरून संगणक सुरू करता येत नाही.

बाहेरून यूएसबीने लावायची डिस्क घेतली तर काय बिघडतं, असं कुणी विचारील. या संगणकांवर यूएसबी २ असतं आणि प्रत्यक्षात ते सेकंदाला ३० ते ४० एमबी इतकंच देतं. त्या वेगाने १ टीबी हलवायला आठ तास लागतात. आतल्या साटावर तेच काम साधारण दोन तासांत होतं. बाहेरची डिस्क प्रत ठेवायला उत्तम, रोजच्या वापराला आतली.

जोडणीकडे वळू. संगणक बंद करा, पाठीमागची वायर काढा आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. सिंथेटिक कपडे घालून गालिच्यावर बसून हे काम करू नये. साटाच्या दोन्ही केबलींची तोंडं आतून इंग्रजी एल अक्षरासारखी असतात, त्यामुळे उलटी बसत नाहीत. जोर लावावा लागला तर समजा, दिशा चुकली. डिस्कचे चारही स्क्रू कंपन रोखण्यासाठी असतात, म्हणून दोनावर भागवू नका. साडेतीन इंची डिस्कचे स्क्रू जाड आट्यांचे आणि अडीच इंची एसएसडीचे बारीक आट्यांचे असतात. जाड स्क्रू एसएसडीत पिळला तर त्याचं भोक कायमचं खराब होतं. आयडीईची डिस्क असेल तर मागच्या जंपरवरून मास्टर-स्लेव्ह ठरवावं लागतं, पण नवी आयडीई डिस्क आता कुणी बनवत नाही, म्हणून तिचा विस्तार करत नाही.

विजेच्या जोडणीपाशी मात्र थांबायला हवं. जुन्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यात, साटाची वीजतोंडं बहुधा दोनच असतात आणि ती आधीच वापरात असतात. मग चार पिनांच्या मोलेक्सवरून साटाला वीज देणारा अडॅप्टर घेतला जातो. मोलेक्समधली पिवळी तार १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची, दोन काळ्या अर्थिंगच्या. अडॅप्टर घेताना त्याचं साटाकडचं तोंड नीट बघा. तारा प्लॅस्टिकमध्ये ओतून सीलबंद केलेल्या असतील तर तो नाकारा. आत तारा एकमेकींजवळ सरकून शॉर्ट झाल्याच्या आणि अडॅप्टर पेटल्याच्या घटना जगभर झालेल्या आहेत. प्रत्येक तार वेगळी खोचून दाबून बसवलेली दिसते, तसा अडॅप्टर घ्यावा. भार ही फारशी चिंतेची बाब नाही: साडेतीन इंची डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टच्या तारेवर साधारण दोन अँपिअर, म्हणजे २४ वॉट ओढते आणि नंतर सहा-आठ वॉटवर येते. पण एसएमपीएसचा पंखाच खरखरत असेल, तर डिस्कच्या आधी तो बदला.

सगळं नीट जोडूनही मोठ्या क्षमतेची नवी डिस्क अजिबात फिरली नाही, तर ती बिघडलेली असेलच असं नाही. साटाच्या वीजतोंडातल्या तिसऱ्या पिनेवर जुने एसएमपीएस ३.३ व्होल्ट देत असत. २०१६ च्या सुधारित नियमांत त्याच पिनेला 'वीज बंद ठेव' हा इशारा देण्याचं काम मिळालं. काही नव्या डिस्कना जुना एसएमपीएस सतत हाच इशारा देत राहतो आणि त्या आज्ञाधारकपणे गप्प बसतात. मोलेक्सवर ३.३ व्होल्ट नसतातच, म्हणून तिथून वीज दिली की डिस्क लगेच फिरू लागते.

पहिल्यांदा बटण दाबलं की आधी बायोसमध्ये शिरा. नव्या डिस्कचं नाव आणि क्षमता बरोबर दिसते का ते बघा. मग संगणक कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचा तो क्रम तपासा. नवी डिस्क आली की काही बायोस तिला आपणहून पहिला नंबर देतात, तिच्यावर विंडोज नसतं आणि पडद्यावर प्रणाली सापडत नसल्याची काळी सूचना येते. घाबरण्यासारखं काही झालेलं नसतं, क्रम बदलला की झालं.

विंडोज सुरू झाल्यावर नवी डिस्क 'माय कॉम्प्युटर'मध्ये दिसणार नाही, कारण तिच्यावर अजून तक्ताच नाही. डिस्क मॅनेजमेंट उघडा. तिथे लगेच एक खिडकी पुढे येते आणि डिस्क इनिशियलाइज करायची का, एमबीआरने की जीपीटीने, असं विचारते. हा क्षण शांतपणे हाताळायचा. डिस्क कोरी असेल तर २ टीबीपर्यंत एमबीआर चालेल, त्यापुढे जीपीटीच. पण डिस्क कोरी नसेल तर? यूएसबीच्या पेटीतून काढलेली, फोटोंनी भरलेली ३ टीबीची डिस्क तुम्ही आत लावली आणि तरीही हीच खिडकी आली, असं होऊ शकतं. एक्सपीवर मोठी डिस्क चालावी म्हणून काही पेट्यांतली चिप सेक्टर ४,०९६ बाइटचा आहे असं संगणकाला सांगत असे. डिस्क पेटीबाहेर आली की सेक्टर पुन्हा ५१२ चा होतो आणि तक्त्यातले सगळे आकडे चुकीच्या जागा दाखवू लागतात. फोटो जिथल्या तिथे आहेत, मोजपट्टी तेवढी बदलली आहे. इथे 'ओके' दाबलं तर नवा तक्ता लिहिला जाईल. 'कॅन्सल' दाबा, डिस्क त्याच पेटीत परत घाला आणि फायली तिथून उतरवून घ्या.

तक्ता झाल्यावर पार्टिशन करून एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसेल. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १,०२४ च्या, इतकंच त्यात आहे. एक्सपी वापरणाऱ्यांनी मात्र शक्य असेल तर पार्टिशन नव्या विंडोजवर किंवा लिनक्सवर करून आणावं. २०११ पासूनच्या नव्या घरगुती डिस्क आतून ४,०९६ बाइटचे सेक्टर वापरतात. एक्सपी पहिलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करते आणि ६३ ला आठने भाग जात नाही. त्यामुळे बहुतेक लिखाण दोन खऱ्या सेक्टरांवर विभागलं जातं आणि डिस्क उगाच मंदावते. नव्या प्रणाली १ एमबीपासून सुरुवात करतात, तिथे ही अडचण येत नाही.

आता फोटो हलवायचे ना? अजून नाही. आधी क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकट मिळणाऱ्या प्रोग्राममध्ये डिस्कचे पॉवर-ऑन तास बघा. नवी म्हणून घेतलेली डिस्क हजारो तास चाललेली दिसली तर ती परत करा, वर्षाचे तास फक्त ८,७६० असतात. मग सगळी डिस्क एकदा भरून, वाचून बघा. एच२टेस्टडब्ल्यू हा छोटा प्रोग्राम रिकाम्या जागेत ओळखीचा मजकूर अगदी शेवटपर्यंत लिहितो आणि मग पहिल्यापासून वाचून ताडतो. लिनक्सवर एफ३ हेच काम करतो. मोजणी कुठे शून्यावर येत असेल, तर शेवटचं लिखाण सुरुवातीच्या लिखाणावर पडतं आणि ताडताना ते पकडलं जातं. १ टीबीच्या डिस्कला यात पाच-सहा तास जातील. रात्री लावून ठेवावं. बायोस, ड्रायव्हर, प्रणाली आणि डिस्क या चौघांची मोजणी जुळते का, हे सांगणारी याहून सोपी परीक्षा मला माहीत नाही आणि ती टाळायचं कारणही दिसत नाही.

परीक्षा पार पडली की फायली कॉपी करा, कट करू नका. विंडोजसकट सगळी डिस्क एसएसडीवर क्लोन करणार असाल तर क्लोन झाल्यावर पहिल्यांदा फक्त एसएसडी लावून संगणक सुरू करा. दोन्ही डिस्कवर एकच ओळखक्रमांक उतरलेला असतो आणि विंडोज दोघींपैकी एकीला बाजूला सारतं. नव्याने विंडोज टाकणार असाल तर त्या वेळी बाकीच्या डिस्कच्या केबली काढून ठेवा, नाहीतर सुरुवातीच्या फायली भलत्याच डिस्कवर जाऊन बसतात.

जुनी १६० जीबीची डिस्क उरली. ती लगेच पुसू नका आणि त्याच कॅबिनेटमध्येही ठेवू नका. विजेचा झटका आला तर तो एकाच एसएमपीएसवरच्या दोन्ही डिस्कना बसतो. तिला स्पंजच्या पाकिटात घालून, वर तारीख आणि आत काय आहे ते लिहून कपाटात ठेवा. नव्या डिस्कवरचे वेगवेगळ्या वर्षांचे फोटो, विशेषतः सगळ्यांत शेवटी कॉपी झालेले, उघडून बघा. व्हिडिओ मधूनमधून चालवून बघा. आणि त्यांची तिसरी प्रत एखाद्या यूएसबी डिस्कवर तयार झाली, की मग ती १६० जीबीची डिस्क भंगारात द्यायची की नाही याचा विचार करा. द्यायचीच असेल तर त्याआधी तिच्यावर पूर्ण फॉरमॅट चालवा. विंडोज व्हिस्टापासून पुढे पूर्ण फॉरमॅट त्या पार्टिशनच्या प्रत्येक सेक्टरवर शून्यं लिहितो, क्विक फॉरमॅट लिहीत नाही.